अन्सामावशीचं काटेरी वाण

अन्सामावशी खिचडीत मीठ टाकायला आयुष्यात एकदाच विसरली, आणि त्याला कारण मी. ही हकीकत मला आजवर कुणाला धड सांगता आलेली नाही. सांगायला लागले की मध्येच हसू फुटतं, मग डोळे भरून येतात, आणि ऐकणारे म्हणतात, म्याडम, आधी रडायचं की हसायचं ते ठरवा. आता एकदा बसून सगळं सांगूनच टाकते.

वाशीम जिल्ह्यात किन्हीराजाच्या पुढं सडक सोडून आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दोन वर्षं होते. शाळेत मोठे गुरुजी, मी, आणखी दोन शिक्षक आणि पोषण आहार शिजवणारी अन्सामावशी. मावशी बुटकी, इतकी की मोठ्या पातेल्यात डोकवायला तिला विटेवर उभं राहावं लागायचं. पदर कमरेला खोचलेला, हातात लांब दांड्याचा झारा, आणि तोंड सतत चालू. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा गजू आणि सून सीमा दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळा तोंडावर आला की परत यायचे. तेवढे महिने मावशी घरात एकटी.

शाळेच्या मागं नळाखाली मुलं ताटं धुवायची. शंभरेक ताटांचं पाणी रोज वाहून पुढच्या खोलगट जागेत मुरायचं, त्यामुळं तिथं बाराही महिने चिखल. बदली झाल्यावर चार महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, माझं पहिल्यांदा तिकडं लक्ष गेलं आणि मी ओरडलेच. पुरुषभर उंचीचं नसलं तरी माझ्या छातीला लागेल एवढं काटेरी रान माजलेलं! चौकोनी दांडे, दांड्याला पेरापेरावर लांब पिवळे काटे, आणि काट्यांच्या मधोमध जांभळी-निळी फुलं. शाळेच्या आवारात काटे म्हणजे काय! मी पदर खोचला आणि एक दांडा धरून ओढला.

"आवं म्याडम! सोडा, सोडा थे!"

मावशी झारा घेऊन धावत आली. मला वाटलं, माझ्या हातात काटे गेले म्हणून आली. ते गेलेच होते, चांगले तीन. पण तिनं माझ्या हाताकडं पाहिलंसुद्धा नाही. ती आधी त्या झाडाच्या मुळाशी बसली, हललेली माती दाबली, आणि मग वर बघून म्हणाली, "हा तालीमखाना हाय. म्या लावेल हाय. तुमाले काही म्हनलं का त्यानं?"

तिनं मग चिमट्यानं माझे काटे काढले. भाकरी उलटायचा तो चिमटा. त्याच चिमट्यानं ती या झाडाचं बी काढायची, कारण हातानं काढायची कुणाची टाप नव्हती.

"पण मावशी, शाळेत कशाला लावता हे काट्याचं?"

"पाव्हन्यायसाठी."

"कोणते पाहुणे?"

तेवढ्यात एक मधमाशी येऊन फुलात शिरली. मावशीचा चेहरा असा काही उजळला की मी काटे विसरले. तिनं उठून पातेल्यावर झारा ठाणठाण वाजवला, "आली वो, आली!" आणि खिचडी झाली असं समजून सगळी शाळा ताटं घेऊन बाहेर पडली. अजून अर्धा तास अवकाश होता. मोठे गुरुजी कपाळाला हात लावून उभे. नंतर कळलं, दरवर्षी पहिली माशी आली की हे असंच व्हायचं.

मावशीचं एक वाक्य होतं. "पाव्हन्यायले आधी जेवू घाला, मंग काम सांगा." आयुष्यभर पातेल्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईच्या तोंडी हे शोभायचंच. पण पाहुणे म्हणजे मधमाशा आणि काम म्हणजे कांद्याचं बी, हे मला त्या दिवशी उलगडलं.

मावशीचं नाल्याकाठी अर्धा एकर शेत. त्यात एका साली गजू-सीमाला ऊसतोडीला जाऊ न देता तिनं कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट धरला होता. बियाण्याची कंपनी कांदे देते, ते लावायचे, त्यातून हिरवे दांडे वर येतात, दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो, आणि गोंड्यात काळं बी भरतं. पण भरतं केव्हा? मधमाशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर बसली तर. त्या साली माशा आल्याच नाहीत. मावशी आणि सीमा दोघी सकाळपासून गोंड्या-गोंड्यावरून तळहात फिरवत हिंडल्या, हातांना आठवडाभर कांद्याचा वास. तरी गोंडे फोल निघाले. कंपनीवाला म्हणाला, मावशी, पुढच्या वर्षी बघू. पुढचा दसरा झाला आणि गजू बायकोला घेऊन ट्रकमध्ये चढला.

"माह्या माहेरी, आसेगावकडं, नाल्याच्या काठानं हा तालीमखाना रानोमाळ राहे," मावशी मला सांगत होती, "अन् तठी माश्याच माश्या. अठी नाल्यात जेसीबी फिरला, काठ खरवडून काढला, अन् तालीमखाना गेला. कांद्याचा गोंडा येते माघात. त्याच्या आधी तीन महिने माशीनं खावं काय? माती? उपाशी पाव्हना थांबते का कोनाच्या घरी?"

मी विज्ञान शिकवते. परागीभवनाचा धडा मी फळ्यावर आकृती काढून बारा वर्षं शिकवला होता. तीन महिने माशीनं खावं काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्या दिवसापासून माझा तालीमखान्याचा अभ्यास सुरू झाला. गुरू अर्थातच झारावाली. "पाय पान्यात, डोकं उनात," एवढंच त्याचं मागणं, ती म्हणायची. सावलीत लावलं तर लांबतं आणि फुलत नाही. बी ओलं करायचं नाही, नाहीतर खिरीसारखं बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतं. कोरड्या राखेत मिसळायचं, पावसाच्या तोंडावर चिखलावर भुरभुरायचं आणि पायानं नुसतं दाबायचं, मातीखाली पुरायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात मावशी रोज दुपारी एका ठरावीक झाडाकडं पाठ करून उभी राहायची आणि हात डोक्यावर ठेवून मापायची. ज्या दिवशी झाड तिच्या डोक्यावरून गेलं, त्या दिवशी तिनं सगळ्यांना दोन वेळा खिचडी वाढली. "गेलं वो, माह्या वरतून गेलं!" म्हणजे आता फुलायला लागणार.

आता वाणाची गंमत. त्या पहिल्याच वर्षी संक्रांतीनंतर आम्ही शाळेत आयांचं हळदीकुंकू ठेवलं. मी हट्टच धरला होता की ज्यांचा नवरा नाही त्याही बायका येतील, त्यांनाही कुंकू लागेल आणि त्याही वाण देतील. थोडी कुरबुर झाली. पोलीस पाटलांच्या घरच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "म्याडम, तुमी शयरातल्या." मी म्हटलं, शहरातली नाही, वाशीमची आहे. मावशीला मात्र मी घरी जाऊन सांगून आले. इतक्या वर्षांत तिनं वाण दिलं नव्हतं. "म्या काय देऊ वो म्याडम? सांगा नं, काय देऊ?" दोन दिवस तिचं हेच.

हळदीकुंकवाला ती नवं पातळ नेसून आली, हातात टोपली. टोपलीत वहीच्या कागदाच्या पुड्या. बाकीच्या बायकांनी वाट्याबिट्या दिल्या, डबे दिले. मावशीनं प्रत्येकीच्या हातात एक पुडी ठेवली.

"काय हाय वं अन्सा?" वच्छलाबाईंनी पुडी हुंगून विचारलं.

"तालीमखान्याचं बी. पावसाच्या तोंडावर वल्या जागी टाक जा."

"काट्याचं?" वच्छलाबाई अशा हसल्या की सगळ्या हसल्या. "वान म्हनून काटे देऊन राह्यली ही! बह्याड झाली का वं तू?"

मावशीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. माझा जीव एवढाएवढासा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं पाण्याच्या टाकीपाशी एकेकीला विचारलं, आणि एकेकीनं सांगितलं, फेकलं माय. मावशी शाळेत आली, चूल पेटवली आणि म्हणाली, "फेकलं तर फेकलं. देल्लं तर म्या." त्यातच तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं, म्हणून मीही विषय सोडला.

पुढच्या दसऱ्याला मावशीनं मोठी हिंमत केली. कंपनीवाल्याच्या मागं लागून तिनं पुन्हा प्लॉट घेतला आणि गजूला म्हणाली, एक साल थांब. गजू तयार नव्हता. सीमाला दिवस गेले होते. पोटातलं बाळ उसाच्या फडात जन्मायला नको, एवढ्या एका गोष्टीवर तो थांबला. पण त्यानं स्वच्छ सांगितलं, "माय, यंदा गोंडे फोल निघाले तर पुढच्या साली लेकरू घेऊन जाईन. मंग अडवजो नको." मावशी म्हणाली, "नाई अडवत."

शाळेमागचा तालीमखाना त्या वर्षी काय फुलला होता! माशांचा आवाज वर्गात यायचा. मी पाढे घ्यायची, मागून गुणगुण. मावशी रोज सांगायची, "पाव्हने जेवून राह्यले. माघात कामाले लावू."

आणि मग ते झालं. जानेवारीत वाशीमहून साहेब शाळा पाहायला येणार असं कळलं. मोठे गुरुजी हवालदिल. कुंपण रंगवलं, भिंतीवर सुविचार लिहिले. "म्याडम, मागचं ते काटेरी तेवढं पहा," ते म्हणाले. त्या दिवशी मावशी सीमाला तपासायला दवाखान्यात घेऊन गेली होती. मी बोलायला हवं होतं. गुरुजींना सांगायला हवं होतं की ते गवत नाही, ती एका घराची वर्षभराची आशा आहे. पण माझ्या डोक्यात साहेब, साहेब आणि साहेब. मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं: श्रमदान, विळे घेऊन या. बायाबापे उत्साहानं आले. दुपारपर्यंत मागची जागा साफ. कुणीतरी फोटोही काढला, त्यात मी मधोमध हसत उभी आहे.

साहेब त्याच दुपारी आले, चहा घेतला, पुढचे वर्ग पाहिले आणि गेले. शाळेच्या मागं कुणी फिरकलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मागं गेली. मी खिडकीतून बघत होते. ती त्या उघड्या चिखलापाशी उभी राहिली, पातेल्यापाशी आली आणि खिचडी टाकली. जेवणाची सुट्टी झाली. पहिला घास घेतल्यावर सगळी पंगत एकमेकांकडं बघायला लागली. खिचडीत मीठच नव्हतं.

माझ्याच्यानं राहवेना. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "मावशी, मी बोलावलं त्यांना. गुरुजींनी नाही, मीच."

तिनं झारा पातेल्यातून काढला आणि माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता झारा बसतो. बसला असता तर बरं झालं असतं.

"म्याडम," ती म्हणाली, "कापतानी त्याच्यावर माश्या होत्या का?"

"होत्या."

"कुकडं गेल्या?"

मी आठवलं. विळे चालायला लागले तेव्हा माशा उठल्या होत्या, थोडा वेळ डोक्यांवर घोंगावल्या होत्या, आणि मग... "गावाकडं गेल्या. घरांकडं."

"रानात नाई गेल्या? गावात?" मावशी ताडकन उठली. "आवं, गावात कायले जातीन? गावात काय ठेवलं हाय त्यायचं? चाला!"

"कुठं?"

"पाव्हने कोनाच्या घरी जेवाले गेले थे पाहाले!"

मी भर शाळेतून निघाले. नोकरीतला माझा पहिला आणि शेवटचा पळ. पुढं मावशी, हातात झारा तसाच, मागं मी. पहिल्याच गल्लीत ती थांबली, मान वर करून ऐकलं, आणि एका घराच्या परसात घुसली. मीही घुसले. न्हाणीतून कुणीतरी किंचाळलं, "कोन हाय वं?" "मी अन्सा! तू आंघोय कर माय, तुह्याशी काम नाई!" आणि न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडून साचत होतं तिथं, भिंतीला लागून, जांभळ्या फुलांचा तालीमखाना. माशांनी गच्च.

मावशीनं माझा दंड असा आवळला की वळ उठला. तिथून पुढच्या घरी. तिथंही! भांडी घासायच्या जागेपाशी दोन झाडं. त्याच्या पुढच्या घरी हौदाखाली चार. आम्ही दोघी परसांमागून परसं धावत सुटलो, चिखलात पाय, अंगावर कुत्री, आणि मावशी प्रत्येक ठिकाणी झारा उंचावून ओरडत होती, "अठी बी हाय वो! अठी बी हाय!" बायका दारात येऊन बघायला लागल्या की म्याडमला काय झालं.

सगळ्यात मोठं बेट निघालं वच्छलाबाईंच्या परसात. न्हाणीपासून गोठ्यापर्यंत, माझ्या डोक्यावरून उंच.

"वच्छला, हे कोनं लावलं?"

"मले काय मालूम! आपोआप आलं. उपटाले गेली तर हे येवढाले काटे, कोन हात लावीन? म्हनलं राहू दे, डुकरं तरी येनार नाईत."

"अन् माहं वान कुठी फेकलं होतं तू?"

वच्छलाबाईंनी न्हाणीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "न्हानीच्या पान्यात."

सगळ्यांनी तेच केलं होतं. काट्याचं बी घरात नको म्हणून हळदीकुंकवाहून आल्या-आल्या जिनं-तिनं पुडी उघडून सांडपाण्यात टाकली होती. गावातली एकूण एक ओली जागा! मावशी मटकन वच्छलाबाईंच्या ओट्यावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. वच्छलाबाईही रडायला लागल्या, का ते त्यांनाही माहीत नसावं. मीही मागं राहिले नाही. मग वच्छलाबाईंनी डोळे पुसले आणि घरात जाऊन पाणी आणलं.

"अन्सा, हे राहू दिऊ नं आता?"

"गोंडे फुलेलोक राहू दे. मंग तुही मर्जी."

"नाई. राहू दे आता," वच्छलाबाई म्हणाल्या. "वान हाय थे."

माघात मावशीचा प्लॉट फुलला. रविवारी तिनं मला मुद्दाम बोलावून नेलं. अर्धा एकर नुसते पांढरे गोंडे, आणि त्यांच्यावर आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. लहान माशा, मोठ्या माशा, काळे भुंगे. मला एवढा आनंद झाला की मी एका गोंड्यावरून तळहात फिरवायला गेले. मावशीनं माझं मनगट धरलं.

"हात लावू नका म्याडम. त्यायचं चालू हाय."

ती स्वतः बांधावर हात मागं बांधून उभी होती. जिनं एका साली गोंड्या-गोंड्यावरून हात फिरवला होता, ती. सीमा बांधावरच्या झाडाखाली बसली होती, आठवा लागलेला. गजू लांबून आमच्याकडं बघत होता, जवळ येत नव्हता. पण बी काढलं त्या दिवशी त्यानं मूठभर काळं बी आणून शाळेत माझ्या टेबलावर ओतलं आणि हात झटकून निघून गेला. एकही गोंडा फोल नव्हता म्हणे. मावशीला विचारलं तर म्हणाली, "चार-दोन असतीन. इतकं खोटं बोलू नये गजूनं."

त्या उन्हाळ्यात माझी वाशीमला बदली झाली. निरोपाच्या दिवशी मावशीच्या मांडीवर नात होती. रडायचं नाही असं आमचं दोघींचं ठरलं होतं आणि ते दोघींनीही मोडलं.

दसऱ्यानंतर माझ्या सेवापुस्तकावरची एक सही राहिली म्हणून पुन्हा त्या गावी जाणं झालं. काम आटोपून फाट्यावर बसची वाट बघत उभी होते. ऊसतोडीचा ट्रक लागला होता. बोचकी, भांडी, शेळ्या, लेकरं वर चढत होती. आणि त्या गर्दीत मला गजू दिसला. डोक्यावर बोचकं. त्यानं ट्रकच्या चाकावर पाय ठेवला आणि तो वर चढला.

म्हटलं, काय झालं? कंपनीनं प्लॉट दिला नाही? मावशी कुठाय? मी रस्ता ओलांडून धावले.

गजूनं वर कुणाच्या तरी हातात बोचकं दिलं, आणि खाली उडी मारली. मला बघून हसला. "म्याडम, तुमी? शेजाऱ्यायचं सामान चढवून राह्यलो. आपन नाई जात."

ट्रकच्या पलीकडं मावशी होती. कमरेला टोपली, शेजारी कडेवर लेकरू घेतलेली सीमा. मावशी ट्रकवरच्या एकेका बाईला हात उंच करून पुडी देत होती. टाचा उचलूनही तिचा हात फळीपर्यंत पुरत नव्हता, तेव्हा वरच्या बायका वाकून घेत होत्या.

"पाटाच्या कडंले टाक जा, वल्या जागी. राख मिसयली हाय त्याच्यात."

"अवो मावशी, तिकडं आपलं शेत नाई," वरून एक बाई म्हणाली.

"नसू दे वं. तुले तिकडं आपल्या गावचं काही दिसीन तरी."

ट्रक सुरू झाला. शेवटच्या बाईची पुडी राहिली होती. मावशी ट्रकमागं पळत सुटली, पदर उडालेला, हात वर, "धर वं, धर!" आणि त्या बाईनं फळीवरून अर्धी बाहेर वाकून ती पुडी धरली. मावशी मधोमध रस्त्यात धापा टाकत थांबली आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली. मागून माझी बस हॉर्न वाजवत होती. गजूनं जाऊन मायला हाताला धरून कडेला घेतलं, आणि चौघं घराकडं वळली.